त्वचेची साक्ष

लग्नकार्याच्या गर्दीत पाचसहा वर्षांनी भेटलेली एखादी आत्या किंवा मावशी आपल्याला दारातच थांबविते आणि आपादमस्तक न्याहाळून "अरे, किती रे काळवंडलास!" असे चारचौघांत म्हणते. तिच्या बोलण्यात दुष्टावा नसतो. पुष्कळदा मायाच असते. परंतु त्या उद्गारातून पुढे काही निष्पन्न होत नाही. ती तुम्हांला वैद्याकडे जावयास सांगत नाही. फार तर साय-हळदीचा लेप सुचविते आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळते. दुसऱ्याच्या वर्णाविषयी उघड बोलण्याचा असा परवाना आपल्या समाजाने सर्वांस देऊन ठेवला आहे. सुनेचा वर्ण, जावयाचा वर्ण, पाळण्यातल्या अर्भकाचा वर्ण, यांवर मत देण्यास कोणी कचरत नाही. मात्र हाच वर्ण जेव्हा रूपाऐवजी यकृताची किंवा हृदयाची वार्ता सांगत असतो, तेव्हा आपणांस एकाएकी सभ्यतेची आठवण होते. बोलून काही साधावयाचे नसते तेथे आपण वाचाळ, आणि साधण्यासारखे असते तेथे मुके. या वर्तनाचा थोडा विचार करावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

विचारास उदाहरण पाहिजे, आणि ते नेमके पाहिजे. हेमोक्रोमॅटोसिस या नावाचा एक रोग आहे. आपण त्याला लोहसंचयाचा रोग म्हणू. त्याचा जो प्रकार कुळातून चालत येतो, तो मुख्यतः उत्तर व पश्चिम युरोपातील लोकांचा आणि त्यांच्या वंशजांचा. आयर्लंडात तर सुमारे दर ८३ माणसांत एकाच्या ठायी त्याचे बीज आई व बाप अशा दोघांकडूनही आलेले असते. ज्या दोषामुळे तो तिकडे होतो तो दोष आपल्या लोकांत फार विरळा. म्हणून प्रथम तिकडेच जाऊ. आपल्या घराचा विचार ओघाने येईलच.

पॅरिसच्या ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयातील विख्यात वैद्य आर्मां त्रूसो याने १८६५ साली मधुमेहाच्या एका रोग्याचे वर्णन करताना त्याच्या चेहऱ्यावर चढलेल्या ब्राँझसारख्या छटेची नोंद करून ठेवली. पुढे फ्रेंच वैद्यांत या प्रकारास 'ब्राँझवर्णी मधुमेह' असेच नाव पडले. १८८९ साली स्ट्रासबुर्गचा रोगशास्त्रज्ञ फॉन रेक्लिंगहाउझेन याने, अवयवांत साचलेले हे रंगद्रव्य रक्तातून झिरपलेले असावे अशा समजुतीने, त्याला 'हेमोक्रोमॅटोसिस' म्हणजे रक्ताने आलेला रंग हे नाव दिले. ती समजूत खरी नव्हती, पण नाव टिकले. शास्त्रातही कित्येक चुका अशा नावाच्या रूपाने अमर होतात. १९३५ साली जोसेफ शेल्डन या इंग्रज वैद्याने तोवर प्रसिद्ध झालेल्या ३११ रोग्यांची हकीकत एकत्र करून एक ग्रंथ लिहिला आणि हा दोष जन्मजात व कुळातून येणारा आहे असे प्रतिपादन केले. तो दोष ज्या जनुकात असतो तो जनुक सापडावयास मात्र १९९६ साल उजाडावे लागले.

या रोगाची घडण समजल्याखेरीज पुढचा नैतिक प्रश्न नीट कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. निरोगी माणसाच्या अंगात सगळे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते, एखाददुसऱ्या खिळ्याइतके. अन्नातून रोज एक ते दोन मिलिग्रॅम आत घेतले जाते आणि कातडीच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर जवळजवळ तितकेच बाहेर जाते. मौजेची गोष्ट अशी की, जादा झालेले लोह आपण होऊन बाहेर टाकण्याची वाट शरीराला नाहीच. मीठ अधिक झाले तर मूत्रावाटे जाते, पाणी अधिक झाले तर तेही जाते. लोहाला येण्याचे दार आहे, घालवून देण्याचे नाही. त्यामुळे सर्व भिस्त येणाऱ्या दारावरच्या पहाऱ्यावर. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे द्रव्य हा पहारा करते, आणि या रोगात तो पहारा ढिला असतो. रोज गरजेच्या दुप्पट-चौपट लोह आत शिरते. एका दिवसाचा हिशेब पाहिला तर तो अगदी क्षुल्लक वाटेल. परंतु वीसतीस वर्षांत त्याचे वीस ग्रॅम आणि त्याहूनही अधिक होतात. ते यकृतात साठते, स्वादुपिंडात साठते, हृदयाच्या स्नायूंत साठते, सांध्यांवर परिणाम करते. पुरुषांना याचा त्रास साधारणतः चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास जाणवू लागतो. स्त्रियांना तो पुष्कळदा आणखी उशिरा जाणवतो, कारण मासिक रजःस्रावाने त्यांच्या लोहाचा थोडाथोडा निचरा होत राहतो. आरंभी दिसते ती नुसती थकावट. थकावट दिसली की लोक रक्त कमी झाले असे समजतात आणि लोहाचे औषध घेतात, हा दैवदुर्विलासही येथे नमूद करण्यासारखा आहे.

कातडीत थोडे लोह साचते; पण त्याहून अधिक परिणाम असा होतो की कातडीचे स्वतःचे रंगद्रव्य वाढते. म्हणून चेहरा, मान, हातांची वरची बाजू यांवर कधी उन्हाने रापल्यासारखी ब्राँझची छटा येते, कधी पाटीच्या दगडासारखा करडेपणा.

उपाय काय, तर रक्त काढणे. जो उपाय शतकानुशतके सरसकट योजून युरोपातील वैद्यांनी असंख्य रोगी अधिकच दुर्बळ केले आणि जो शेवटी बदनाम होऊन गेला, तोच या एका रोगात विसाव्या शतकाच्या मध्यापासून मुख्य उपचार ठरला आहे. अर्धा लिटर रक्ताबरोबर सुमारे दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह जाते. नवे रक्त बनविण्यासाठी शरीर साठ्यातले लोह वापरते. आठवड्यास एकदा याप्रमाणे काही महिने, प्रसंगी वर्ष-दोन वर्षे, हा क्रम चालला की साठा उतरतो. पुढे वर्षातून तीनचार वेळा रक्त काढले तरी भागते. यकृत कठीण होण्यापूर्वी हे सुरू झाले तर तो माणूस इतरांसारखेच आयुष्य भोगतो. कातडीचा रंगही हळूहळू निवळतो. परंतु एकदा बिघडलेले सांधे आणि पुरते कठीण झालेले यकृत बहुधा पूर्ववत होत नाही. तेव्हा वेळ हीच येथली मुख्य गोष्ट आहे.

आता असा प्रसंग कल्पू. जानेवारीचा महिना आहे, आणि डब्लिनहून कॉर्कला जाणाऱ्या आगगाडीत एक वैद्य बसला आहे. समोरचा प्रवासी पन्नाशीचा, सुखवस्तू दिसणारा. त्याला निरोप द्यावयास आलेला मित्र खिडकीतून थट्टेने म्हणतो, "स्पेनचे ऊन चांगलेच मानवलेले दिसते!" त्या थंड मुलखात रापलेला चेहरा हे फुरसतीचे व आरोग्याचे लक्षण समजतात, आपण ज्या रंगाला हळहळतो त्याचा तेथे हेवा करतात. प्रवासी हसतो आणि आपण तर तीन वर्षांत कोठेच गेलो नाही असे सांगतो. गाडी सुटते. तो वर्तमानपत्र उघडतो, आणि वैद्याची नजर त्याच्या हाताकडे जाते. तर्जनी आणि मध्यमा यांच्या मुळाशी असलेले सांधे सुजलेले आहेत. हे दोन सांधे या रोगात विशेषेकरून धरतात, हे वैद्याला ठाऊक आहे. त्याने बोलावे की नाही?

न बोलण्याची कारणे त्याला ताबडतोब सुचतील, कारण न बोलण्याची कारणे सर्वांनाच ताबडतोब सुचतात. लक्षण निश्चित नाही. काळवंडण्याचे कारण नुसते ऊन असू शकते, एखादे औषध असू शकते, मूत्रपिंडांवरील ग्रंथींचा विकार असू शकतो. समोरच्याने सल्ला विचारलेला नाही. परक्या माणसाच्या देहाविषयी बोलणे हा त्याच्या खाजगी आयुष्यात केलेला शिरकाव आहे. आणि शंका खोटी ठरली तर एका निरोगी माणसाची झोप आपण विनाकारण उडविली असे होईल. या चार कारणांपैकी शेवटचे तेवढे मला वजनदार वाटते. पहिल्याला उत्तर हे की, शंका फेडण्यास लागते ते चमचाभर रक्त. रक्तातील लोहवाहक द्रव्य किती भरलेले आहे आणि साठ्याची निदर्शक असलेली फेरिटिन किती आहे, एवढे पाहिले की पुष्कळसा उलगडा होतो. दुसऱ्याला उत्तर हे की, ज्याला आपल्याला काही झाले आहे हेच ठाऊक नाही तो विचारणार कसा? आणि तिसऱ्याविषयी मला नेहमी असा संशय येतो की, ज्या संकोचाला आपण दुसऱ्याच्या खाजगीपणाविषयीचा आदर म्हणतो तो पुष्कळ अंशी आपल्या स्वतःच्या अवघडलेपणाचा बचाव असतो. एका पारड्यात तीन मिनिटांचे अवघडलेपण आहे, दुसऱ्यात एका माणसाचे यकृत. त्याने बोलावे असे माझे मत आहे. रोगाचे नाव न घेता बोलावे, आधी हाताचे दुखणे विचारावे, आणि पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांना रक्तातील लोह पाहावयास सांगा, एवढ्यावर थांबावे. यापलीकडे गेला तर तो वैद्य, वर सांगितलेल्या आत्याबाईंस वैद्यकाची पदवी मिळाली असती तर त्या जशा वागल्या असत्या, तसा वागू लागेल. आणि तशा माणसाबरोबर प्रवास करणे कोणालाही आवडणार नाही.

आत्याबाईंचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा रंग दिवसागणिक इतक्या सावकाश चढतो की रोज त्याच घरात वावरणाऱ्यांना तो दिसतच नाही. जी व्यक्ती पाच वर्षांनी भेटते तिच्या डोळ्यांपुढे जुना चेहरा ताजा असतो, आणि बदल तिलाच प्रथम कळतो. त्रूसोच्या काळापासूनची वर्णने बहुतेक गोऱ्या कातडीवरून केलेली. आपल्या सावळ्या कातडीवर तर अशी छटा परक्या वैद्यालाही सहजासहजी ओळखू यावयाची नाही. तेव्हा "किती रे काळवंडलास" हे वाक्य कधी कधी पहिले वैद्यकीय निरीक्षण असू शकते. दोष एवढाच की, ज्याला उद्देशून ते असते तो ते रूपाची निंदा म्हणून ऐकतो आणि म्हणणारीही त्याच अर्थाने म्हणते. आपल्याकडे अशा काळवंडण्याची कारणे बहुधा निराळी असतात. उदाहरणार्थ, ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेने बोटांची पेरे काळी पडतात. परंतु ती कारणेही जाणून घेण्यासारखी आणि उपाय करण्यासारखीच असतात. वर्षानुवर्षे आपण वर्णाचा उपयोग माणसे मोलाने लावण्यासाठी इतका केला आहे की, वर्ण हे एक साधे लक्षणही असू शकते हे कानाला आता खरे वाटत नाही.

येथवर मी असे गृहीत धरून चाललो की, ज्याच्या अंगावर लक्षण आहे त्याच्यापुरताच हा प्रश्न आहे. परंतु ते गृहीत बरोबर नाही. त्वचेची साक्ष फार उशिराची साक्ष आहे. डोळ्यांना रंग दिसेपर्यंत आत पुष्कळ वर्षांचा साठा झालेला असतो, आणि पुष्कळदा यकृताला धक्काही पोचलेला असतो. हल्ली युरोपात रक्ताच्या परीक्षेमुळे रोग रंग चढण्यापूर्वीच बहुधा सापडतो, तेही याच कारणाने इष्ट आहे. मग आगगाडीतील त्या प्रवाशाच्या चेहऱ्यावरचा तो रंग सर्वांत अधिक उपयोगाचा कोणाला? ज्याच्या चेहऱ्यावर अजून काहीच नाही, त्याला. दोष आईबाप दोघांकडून आला असला पाहिजे, आणि ते दोघे नुसते बीजवाहक असतील तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाच्या बाबतीत चारांत एक असा संभव आहे. त्याचा धाकटा भाऊ आज पस्तिशीचा असेल, शेतावर दिवसभर राबत असेल, आणि त्याचा वर्ण अगदी स्वच्छ असेल. त्या भावाचे भवितव्य या भावाच्या कातडीवर लिहिले गेले आहे, आणि ते त्याला वाचून दाखविण्याचे काम याच्याखेरीज दुसरा कोणी करू शकत नाही.

सांगणे सोपे नसते. दोष दोन्ही बाजूंनी आलेल्या सर्वांनाच हा रोग होतो असे नाही. कित्येकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आयुष्यात तो कधीच डोके वर काढीत नाही. मग उद्या कदाचित होणारही नाही अशा रोगाची छाया आजच भावाच्या घरावर का पाडावी? माणसाला आपले भवितव्य न जाणण्याचाही हक्क आहे असे म्हणणारे विचारवंत आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. लंडनमध्ये असा एक प्रश्न न्यायालयापुढे गेला होता. एका माणसाला हंटिंग्टनचा रोग होता. त्याने डॉक्टरांना आपल्या मुलीस सांगू दिले नाही. ती त्या वेळी गरोदर होती, आणि पुढे तिलाही तोच रोग वारशाने मिळाल्याचे निष्पन्न झाले. २०२० साली न्यायालयाने तिचा दावा मान्य केला नाही. परंतु रोग्याचे गुपित आणि मुलीचे हित यांचा समतोल साधून विचार करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य होते, असे मात्र ठरविले. त्या रोगावर उपाय नाही, आणि तरीही न्यायालयाला तसे वाटले. लोहसंचयाला उपाय आहे, तो साधा आहे, आणि वेळेवर केला तर जवळजवळ पुरा लागू पडतो. न जाणण्याच्या हक्काची खरी जागा जेथे जाणून काही करता येत नाही तेथे आहे. जेथे करता येते, तेथे निदान निवड भावाची भावाला करू द्यावी. ऐकून परीक्षा न करण्याचे त्याने ठरविले तर तो त्याचा अधिकार. पण न सांगणाऱ्या भावाने तो अधिकारच त्याच्या हातून काढून घेतलेला असतो.

शिवाय भाऊ भाऊ एकमेकांशी बोलत असतात असे तरी कोठे आहे? जमिनीच्या वाटणीवरून आणि बापाच्या मृत्युपत्रावरून अबोला धरण्याची विद्या काही एकट्या महाराष्ट्रातच नाही. पण भाऊबंदकी हा शब्द ज्या भाषेने घडविला त्या भाषेच्या वाचकांस ही अडचण किती खरी आहे हे निराळे सांगावयास नको. दहा वर्षे ज्याच्या घरचे पाणी घेतले नाही त्याला "तुझे रक्त तपासून घे" असे लिहिणे म्हणजे, तुझे रक्त आणि माझे रक्त एक आहे हे कबूल करणे होय; आणि कज्ज्यात जिंकलेल्याला काय किंवा हरलेल्याला काय, तीच कबुली सर्वांत जड जाते.

आता आपल्या घरात येऊ. लोहसंचयाचा तो आयरिश प्रकार आपल्याकडे नसला तरी लोह साचून काळवंडलेली मुले मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत आहेत, आणि तेही वारशानेच आलेले आहे. थॅलेसेमिया या रोगाच्या तीव्र प्रकारात मुलाचे स्वतःचे रक्त नीट बनत नाही. दर दोनचार आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, आणि प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह अंगात येते. ते जाण्यास दार नाही, हे वर सांगितलेच आहे. येथे रक्त काढून भागत नाही, कारण रक्ताचाच तुटवडा. म्हणून लोहाला बांधून बाहेर नेणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. पूर्वी ते कातडीखाली सुई खुपसून रात्रभर थेंबथेंब द्यावे लागे. पुढे गोळ्या निघाल्या. औषधात खंड पडला की तेच यकृत, तेच हृदय, आणि तोच करडा रंग. फाळणीनंतर उल्हासनगरास येऊन राहिलेल्या सिंधी बांधवांत, तसेच लोहाणा, पंजाबी इत्यादी समाजांत या दोषाचे वाहक अधिक आढळतात. परंतु कोणताही समाज, आपला मराठी समाज धरून, त्यापासून सर्वस्वी मुक्त नाही.

वाहकाला स्वतःला काही होत नाही. फार तर थोडा पंडुरोग असतो, आणि त्यावरही पुष्कळदा नकळत लोहाच्या गोळ्याच दिल्या जातात. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक असा तोच हिशेब पुन्हा उभा राहतो. लग्नापूर्वी दोघांची एक रक्तपरीक्षा केली तर हे कळते. ती करीत नाहीत, कारण करावयाची म्हटली तर का करावयाची हे सांगावे लागते. दिराच्या मुलाला महिन्याच्या महिन्याला रक्त द्यावे लागते ही गोष्ट नव्या स्थळाच्या कानांवर गेली तर धाकट्याचे जमणार नाही, अशी भीती थोरल्यांना असते. त्या मुलाला लग्नाचे चार दिवस आजोळी पाठवितात. पत्रिकेतील छत्तीस गुणांपैकी अठ्ठावीस जमतात. मुलाकडची माणसे वाईट नसतात. कोणी खोटे बोललेले नसते, एवढेच की कोणी विचारलेले नसते. मुलीच्या रक्तातही तोच दोष असेल हे ना तिला ठाऊक, ना तिच्या आईबापांना.

बाळ सहासात महिन्यांचे होते, दूध घेईनासे होते, पोट फुगते. डॉक्टर रक्त तपासून घराण्यात कोणाला असे काही आहे का म्हणून विचारतात, आणि ती मुलगी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहते. त्याच घरातील बायकांनी बारशाच्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन, रंगाने अगदी केतकी आहे हो, असे आल्यागेल्यास आवर्जून सांगितलेले असते.